खेकडे परत ठेवा

१२ फेब्रुवारी

चि.,

पुढे सौ. लिहायचं की नाही, इथंच पेन अडलं. कोर्टाचे कागद अजून पुरे झालेले नाहीत म्हणे, तेव्हा लिहायला हरकत नाही. पण लिहिलं तर तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतील, हेही मला ठाऊक आहे. म्हणून नुसतं चि. ठेवते. चिरंजीव राहा, बाकीचं नंतर बघू.

पाणकोंबडे, भांडण तुझं माझ्या लेकाशी झालं. त्याच्या प्रवासी बोटीचा नांगर तुझ्या प्रवाळांवरून फरफटत गेला, वर तो 'दगडच तर आहेत' म्हणाला, आणि तू बॅग भरून शहरात निघून गेलीस. बरोबर केलंस की चूक, त्यात मी पडत नाही. पण मी कुठला नांगर टाकला होता? सासूशी अबोला कशासाठी? फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र उचलायची गरज नसते, ते दाराखालून आपलं आपण आत येतं.

आता बातमी. बसून वाच. तुझी बाग मी सांभाळतेय.

हसू नकोस. ओहोटीला पाणी छातीपर्यंत उतरलं की मी तुझा जुना पाण्याचा चष्मा लावते, ती नळी तोंडात धरते आणि तुझ्या लोखंडी चौकटींपाशी जाऊन ओणवी होते. पहिल्या दिवशी इतकं खारं पाणी प्यायले की दोन दिवस जेवण अळणी लागत होतं. मागच्या गल्लीतली वहिनी धक्क्यावर उभी राहून विचारते, या वयात मासोळी व्हायचं मनात आहे का म्हणून. नळी तोंडात असली की उत्तर द्यावं लागत नाही. नळीचा हा फायदा तू मला कधी सांगितला नव्हतास.

चौकटींवर दोऱ्या ताणून तू प्रवाळाचे तुकडे बांधले होतेस ना, बोटाएवढे होते ते आता मुठीएवढे झालेत. नांगराने मोडलेली चौकट सोडली तर बाकी सगळ्या जागच्या जागी आहेत. तू करायचीस तसंच मी दात घासायच्या ब्रशने त्यांच्यावरचं शेवाळ काढते. तुझ्यापेक्षा बरं काढते. भांडी घासण्यात माझी हयात गेलीय, तू कढईला नुसतं पाणी दाखवायचीस, ते काय मी विसरले नाही.

आणि ऐक. त्या फांद्यांच्या बेचक्यांत बारके बारके खेकडे ठाण मांडून बसले होते. नखाएवढा जीव, पण मग्रुरी केवढी! ब्रश पुढे केला की नांग्या उगारतात. म्हटलं, घर माझ्या सुनेचं आणि रुबाब यांचा? एकेकाला काडीने बाहेर काढलं, डब्यात भरलं आणि पलीकडच्या खडकापाशी जुनं मोठं प्रवाळ आहे त्यावर नेऊन सोडलं. मारलं नाही हं एकालाही. आता बाग अशी लख्ख दिसते की तू बघशील तर ओळखणार नाहीस.

पुढे काय करायचं ते कळव. शहरात मत्स्यालयात नोकरी धरलीस म्हणे, तिथले मासे कसे आहेत? काचेपलीकडून तुला ओळखतात का? माणसांपेक्षा त्यांच्याशी तुझं जमतं, म्हणून विचारलं.

तुझी (अजून तरी) सासू


३ मार्च

चि.,

उत्तर नाही. ठीक आहे. हट्ट काय तुला एकटीलाच येतो?

बागेत चोर शिरलेत. काटेरी तारामासे. ताटाएवढे मोठे, पाचाऐवजी कितीतरी हात, आणि अंगभर सुया. हा प्राणी प्रवाळावर चढून बसतो, आपलं पोट तोंडातून बाहेर काढून त्याच्यावर पसरतो आणि त्याची जिवंत कातडी विरघळवून पितो. हे तूच मला एकदा ताटावर बसल्या बसल्या सांगितलं होतंस, आणि जेवताना असलं काही सांगू नकोस म्हणून मी तुझ्यावर डाफरले होते. आता डोळ्यांनी बघितलं. तो उठून जातो तेव्हा मागे पांढरा सांगाडा राहतो, चुन्यासारखा. कडेच्या दोन चौकटी अशा गेल्या.

एरवी वर्षाकाठी एखादा यायचा. यंदा टोळीच का आली, मला कळत नाही. मी काही कमी पडू दिलं नाही गं. घासूनपुसून ठेवलं होतं सगळं.

मी स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन गेले आणि एकेकाला उचलायला लागले. दुसऱ्याच्या वेळी पाय घसरला आणि काटा तळहातात गेला. विशेष काही नाही. जरा सूज आहे. दवाखान्यात ठेवून घेतलं, पण तिथल्या डॉक्टरांना दुसरं काम नसावं. अक्षर वेडंवाकडं दिसेल, ते डाव्या हाताचं आहे.

बाकीचे तारामासे एका नाववाल्याने काढून दिले. आहे एक नाववाला. त्याचं नाव काय करायचंय तुला? पोहतो बरा, एवढं पुरे.

मुली, एक सांगू? सबंध घरात तुझी म्हणून आता एक वस्तू उरलेली नाही. कपडे नेलेस, पुस्तकं नेलीस, तो भयंकर पिवळा मग पण नेलास. ही पाण्यातली बाग तेवढी राहिली. ती गेली तर तुला पत्र लिहायला माझ्याकडे काय निमित्त राहील? म्हणून सांगते, राग गिळून दोन ओळी लिही.

सासू


२० मार्च

चि.,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तार! ना मायना, ना शेवट. "खेकडे परत ठेवा. ते राखणदार आहेत. तारामासा आला की त्याला चावे घेऊन हाकलतात. हात पुन्हा डॉक्टरांना दाखवा." संपलं.

मी वाचलं, आणि तिथंच उंबऱ्यात बसून हसत सुटले. इतकी हसले की वहिनी पाणी घेऊन धावली. मग रडायला आलं, तेव्हा ती पाणी तसंच हातात घेऊन उभी राहिली. अगं, मी घराच्या राखणदारांना घालवून दिलं आणि चोरांसाठी घर चकचकीत करून ठेवलं! असला पराक्रम आपल्या घरात दुसऱ्या कुणाला जमला असता का? तू पण हसली असशील. हसली असशील ना?

दुसऱ्याच दिवशी खेकडे शोधायला गेलो, मी आणि तो नाववाला. त्या जुन्या प्रवाळात सगळे दाटीवाटीने कोंबून बसले होते आणि आपापसांत त्यांची जुंपली होती. मूळचे रहिवासी वेगळे, हे आगंतुक वेगळे. काही सापडले, काही कुणाच्या तरी पोटात गेले असणार. जेवढे मिळाले तेवढे डब्यात घालून आणले आणि एकेका फांदीपाशी सोडले. तुला खोटं वाटेल, पण बेचका दिसताक्षणी ते असे आत घुसले की जणू काल संध्याकाळीच बाहेर पडले होते. एकाने जाता जाता माझ्या बोटाला चिमटा काढला. म्हटलं काढ बाबा, तुझा हक्कच आहे.

परवा एक तारामासा पुन्हा आला. मी नळी लावून बघत राहिले. तो फांदीवर एक हात टाकतो न टाकतो तोच आतून ते नखाएवढं ध्यान बाहेर आलं आणि त्याच्या हाताखालच्या मऊ पायांना कडाकडा चावायला लागलं. एवढा मोठा राक्षस, पण हात आवरता घेऊन चालता झाला. मी पाण्यातच टाळ्या वाजवल्या. पाण्यात टाळ्या वाजत नाहीत, हे ज्ञान मला त्यामुळे झालं.

नाववाल्याला तू निरोप दिलायस, तो पोचवला. पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंयस, "चौकटींजवळ येताना इंजिन बंद ठेवायला सांगा, तो नेहमी विसरतो." म्हणजे तू ओळखलंस. बरं. मग मी कशाला लपवू? तोच आहे. मी बोलावलं नव्हतं. दवाखान्यातून मला घरी आणलं आणि सांडशी घेऊन स्वतःच पाण्यात उतरला. तुमच्या दोघांत मी मुळीच काही जुळवायला बघत नाहीये. माझा हात बांधलेला होता आणि दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

खेकड्यांची वैरीण


९ एप्रिल

मुली,

पाणी तापलंय.

हे असं तापणं मी बघितलेलं नाही. पाण्यात शिरलं की अंगावर शहारा यायचा, तो येईनासा झालाय. सकाळी सकाळी समुद्र अंघोळीच्या पाण्यासारखा कोमट. वारा पडलेला. पहिल्यांदा प्रवाळ एकदम उजळल्यासारखे दिसले, निळे, जांभळे, गुलाबी. मी वेडी खूश झाले. वाटलं, माझ्या हातगुणाने बाग फुलली. आणि मग आठवड्याच्या आत रंग उतरत गेले आणि एकेक फांदी पांढरी पडायला लागली.

तू सांगायचीस ते आठवलं. प्रवाळाच्या अंगात बारीक हिरव्या-तपकिरी जिवांची बिऱ्हाडं असतात. तेच उन्हावर स्वयंपाक करतात, मालकाला जेवू घालतात, घराला रंगही त्यांचाच. पाणी फार तापलं की मालकाचं डोकं फिरतं आणि तो त्यांना बाहेर काढतो. मग आपण पांढरा आणि उपाशी. तू म्हणाली होतीस की पांढरं म्हणजे अजून मेलेलं नाही, पाणी वेळेत निवलं तर बिऱ्हाडं परत येतात. वेळेत म्हणजे किती ते मी तेव्हा विचारलं नाही. आमटी उतू जात होती.

मी घरातल्या चादरी काढल्या. बांबू रोवून चौकटींवर छत धरलं, निदान वरचं ऊन तरी कमी व्हावं. चिरंजीवांनी त्यांच्या बोटीचे प्रवासी उतरतात त्या हॉटेलातल्या जुन्या चादरी आणून दिल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, समुद्रात कुणी धुणं वाळत घातलंय. वहिनी या वेळी हसली नाही. तीच दोरी धरून उभी होती.

पण चादरींनी पाणी निवत नाही. रोज जाते आणि रोज थोडं जास्त पांढरं दिसतं. पोपटमासे येतात, चरायला काही आहे का बघतात, निघून जातात. त्या राखणदारांतले काही अजून बेचक्यात बसून आहेत. उपाशी घरात, पण दार सोडत नाहीत.

तू फोन उचल नाहीतर नको उचलूस. काय करू ते सांग. हे मला एकटीला झेपायचं नाही.


२८ एप्रिल

मुली,

परतीच्या बोटीनेच तुझं पत्र आलं. तीन पानं, पाठपोट. मायना होता. "आई" असा मायना होता. बाकीचं मग चष्मा पुसून वाचावं लागलं.

तू लिहिलंस, सगळी बाग वाचणार नाही. ज्यांच्या अंगावर अजून थोडा तरी रंग आहे ते तुकडे कापून घ्या, पाण्याचा तळ एकदम खोल जातो त्या कड्याच्या पलीकडे जिथे खालून गार पाणी येतं तिथे खोल नेऊन टांगा, आणि बाकीचे सोडून द्या. "सोडून द्या" या शब्दाखाली दोन रेघा होत्या. तुला ठाऊक होतं ना, तिथेच मी अडणार म्हणून? अडलेच. तुमच्या लग्नाच्या वर्षी आपण दोघींनी मिळून धक्क्यावर बसून बांधलेली पहिली चौकट, ती शिंगांसारख्या फांद्यांची, तीच सगळ्यात आधी पांढरी झाली होती. मी तिच्यापाशी जाऊन नुसतीच थांबले. लेकाने येऊन माझ्या खांद्याला हात लावला आणि पुढच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

आणि रंग कुणाचा टिकला होता, सांगू? ते बटाट्यासारखे ओबडधोबड गोळे, ज्यांना मी नेहमी नावं ठेवायची, ते. आणि त्या बुटक्या जाड फांद्यांचे काही. देखणे सगळे गेले. माझ्या माहेरच्या मंडळींत पण असंच आहे, म्हणून मला फार नवल वाटलं नाही.

कापले मी, बांधले वहिनीने, खोल नेले लेकाने. ओल्या कापडाखाली झाकून, बादल्यांत पाणी बदलत, बोटीने कड्यापर्यंत. इंजिन बंद. अर्धा पल्ला वल्ही मारत गेला. वर यायचा, श्वास घ्यायचा, परत खाली. नांगरसुद्धा टाकला नाही. बोट मीच वल्ह्याने जागेवर धरून होते, तुझ्या सासूला हीही विद्या आली आता. शेवटची दोरी बांधून वर आला तेव्हा डोळे लाल झाले होते. काठाला धरून पाण्यातच राहिला आणि म्हणाला, "आई, तिला लिही. मी दगड म्हणालो होतो. ते दगड नव्हते."

मी लिहिलं. त्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

आता दुसरी गोष्ट, जी मी गेली तीन पत्रं पोटात ठेवलीय. कागद पुरे झाले की तो दुसरं लग्न करणार आहे. हॉटेलात स्वागताला बसते ती मुलगी. चांगली आहे. मला तिच्याबद्दल वाईट लिहायचं होतं, खूप शोधलं, सापडलं नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. लिहिताना जीव तुटला, हे पण लिहिते. तू या घरात परत येशील, असं मी मनात कुठेतरी धरून ठेवलं होतं. बागेचं निमित्त होतं, खरं कारण ते होतं. आता नाही धरणार.

पाणी अजून कोमटच आहे. वाट बघायची, एवढंच हातात राहिलंय.

म्हातारी


१७ जून

मुली,

आधी वाईट ते सांगते, म्हणजे तुला ओळी सोडून खाली उडी मारावी लागणार नाही. उथळ पाण्यातली बाग गेली. जवळजवळ सगळी. हिरवी दाढी आलीय तिच्यावर. आपली पहिली चौकटही गेली. पोपटमासे ते शेवाळ कुरतडत असतात, कुर्र कुर्र ऐकू येतं. त्यांना मी हाकलत नाही. तू म्हणायचीस, त्यांनी खरवडून जागा साफ ठेवली तरच तिथे नवं बाळ प्रवाळ बसतं. म्हणून आता मी घासत नाही. ज्याचं काम त्याला करू देते. बघ, शिकले.

आता चांगलं. वारा सुटला, ढग आले, आणि एका सकाळी पाण्यात पाय टाकला तर अंगावर काटा आला. मी धक्क्यावरून ओरडले, तर माणसं धावली, कुणी बुडालं वाटून. पुढच्या आठवड्यात लेक कड्यापाशी खाली जाऊन आला. वर आल्यावर नुसता धापा टाकत होता. मी म्हटलं, अरे गेले की राहिले, तोंड उघड. तर म्हणाला, "तपकिरी झालेत, आई." तपकिरी! चहासारखा मळकट रंग, आणि मला वाटलं, याच्याहून सुंदर रंग जगात नाही. बिऱ्हाडं परतली. सगळ्यांकडे नाही, पण निम्म्याहून जास्त जणांकडे. बटाटे तर सगळेच्या सगळे. आणि एका बुटक्या फांदीत नांग्या उगारून एक राखणदार बसलाय म्हणे. आपणच चुकून त्याला घरासकट खोल नेलं असणार.

तुझं पत्र वाचलं. लग्नाबद्दल तू शहाण्यासारखं लिहिलंस, मी लिहिलं नसतं. पण शेवटी विचारलंस, "कागदावर सही झाली. आता मी तुमची कोण?" आणि त्याच्याखाली, यावंसं वाटतं, पण कुठल्या नात्याने येऊ, लोक काय म्हणतील, नव्या मुलीला काय वाटेल, असं बरंच काही. पाणकोंबडे, हे वाचून मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. वहिनीला वाटलं, मी परत नळी लावलीय.

तर ऐक. घर मी त्या दोघांना दिलं. कुणी काढलं नाही मला, उगीच तिकडून भांडायला उठू नकोस. दोघं हातापाया पडत होती राहा म्हणून. मीच धक्क्याजवळ जाळी विणणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या. एकीत मी. दुसरीत कपाट आहे, खाट आहे, आणि खिडकीतून सबंध कडा दिसतो. भिंतीला डांबराचा वास येतो, तो जायचा नाही. त्या खोलीत मी काही ठेवलेलं नाही. रोज झाडते तेवढी.

तुला आई नाही. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा हे तू अगदी सहज सांगून टाकलंस. मी कप भरला तरी चहा ओतत राहिले. मला मुलगी नाही. तुझं सासर संपलं, ते कोर्टाने लिहून दिलं, त्याला मी काय करणार? पण सासर संपलं म्हणजे बाईने कुठे जायचं असतं? माहेरी. मग ये की. या दोन खोल्या तुझं माहेर. लोकांनी विचारलं तर माहेरी आलेय म्हणून सांग, पुढचं त्यांना मी सांगेन. माहेरी यायला नातं सिद्ध करावं लागत नाही आणि कारण द्यावं लागत नाही. चार दिवस राहा, चार महिने राहा, तुझ्या काचेतल्या माशांकडे परत जायचं असेल तर जा. पण तुला या जगात परत यायला एक घर आहे, एवढं डोक्यात पक्कं ठेव.

पाणी पुढल्या वर्षी पुन्हा तापेल, असं सगळे म्हणतात. कड्यावरचे ते बटाटे कापून त्यांची नवी बाग लावायचीय, आणि ती कशी लावायची ते मला येत नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवते, माहेरी आलीस तरी काम मात्र सासरचंच करावं लागेल.

दिवस कळव. भरती मी बघून ठेवते.

आई